वास तपासला

“आणि या तिसरीत?”

दस्तगीरचाचांनी तिसरी कुपी पुढं सरकवली. प्रत्येक कुपीशेजारी ओट्यावर चिमूटभर बी ठेवलेलं होतं; हिच्याशेजारी ओवा.

विभावरीनं बूच काढलं. कुपी नाकाशी धरली, डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला.

“ओवा. पहिल्या धारेचा. वास तिखट, खाली किंचित गवतासारखा. आच थोडी जास्त लागली असावी.”

“आणि आधीच्या दोन?”

“सांगितलं की. पहिलीत वेलदोडा. दुसरीत बडीशेप, पण जरा जुनी.”

चाचांनी पहिली कुपी उचलली आणि घटाघटा पिऊन टाकली. मग दुसरी. मग तिच्या हातातली तिसरी.

तोंड पुसून म्हणाले, “विहिरीचं पाणी आहे, बाई. तिन्हीत.”

...

विभावरी केळुसकर कुणी ऐरीगैरी नव्हती. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, मसाल्यांची तेलं आणि अर्क काढणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात मालाच्या तपासणीची प्रमुख. मिऱ्यातला झणका कशानं सुटतो, हळदीतला रंग कशात उतरतो, किती दाबाखाली आणि किती अंशांवर, हे तिला तोंडपाठ होतं. तिनं ‘हो’ म्हटल्याशिवाय कारखान्यातून पिंप हलत नसे.

आणि आता ती वारणेच्या काठी, पाडळीच्या माळावर, पंच्याहत्तरी उलटलेल्या एका अत्ताराच्या भट्टीपुढं मान खाली घालून बसली होती. तिनं प्रत्येक कुपीजवळचं बी बघितलं होतं आणि त्या बीचा वास कसा असायला हवा ते सांगितलं होतं. पुस्तकातून.

“तुम्ही मला फसवलंत,” ती म्हणाली.

“मी कुठं काय बोललो? मी नुसतं विचारलं.”

तिनं हातातलं बूच ओट्यावर ठेवलं.

“एस.टी. चार वाजता आहे,” चाचा म्हणाले. “फाट्यावर थांबते.”

“मी जाणार नाही.”

“नाक कधी गेलं?”

असं तोंडावर तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“दोन वर्षं झाली. ताप आला होता. ताप गेला, वास परत आला नाही.”

“कुणाला ठाऊक आहे?”

“कुणालाच नाही. घरी आईलासुद्धा नाही.”

हे अगदी खरं नव्हतं. पण तिनं तसंच सांगितलं.

“मग इथं कशाला आलात?”

“धार तोडायला शिकायला.”

धार तोडणं हीच अर्क काढणाऱ्याची खरी करामत. भट्टीवर हंडा चढतो, वाफ नळीतून जाते, थंड होऊन थेंबाथेंबानं खाली पडते. पहिले थेंब वेगळे, मधले वेगळे, शेवटचे वेगळे. कुठून घ्यायचं आणि कुठं थांबायचं, हे चाचा नुसत्या वासावर ठरवत. पन्नास वर्षं त्यांची धार चुकली नव्हती, असं लोक सांगत.

“मला वासाशिवाय धार तोडता यायला हवी,” विभावरी म्हणाली. “सहा महिन्यांची रजा घेतली आहे. लाकडं फोडायला सांगा, भांडी घासायला सांगा. पण परत जा म्हणू नका.”

“तुमच्याकडं यंत्रं आहेत की. ती सांगतात म्हणे सगळं.”

“यंत्र खोटं बोलत नाही. पण सगळं सांगतही नाही...”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

चाचांनी घराकडं तोंड करून हाक मारली.

“रुकय्या, एक भाकरी जास्त टाक.”

...

दुसऱ्या दिवसापासून ते तिला ‘तू’ म्हणू लागले, आणि ती त्यांना चाचा.

पहिला महिना तिनं हंड्याला हात लावला नाही. लाकडं आणायची, टाकीतलं पाणी बदलायचं, कणीक भिजवून झाकणाचे सांधे लिंपायचे. कणकेला भेग पडली की वाफ तिथून निसटे आणि माल वाया जाई. विभावरी दिवसभर भेगा शोधत फिरे. हातांना भाजलं, नखांत राख भरली. ती कुरकुरली नाही.

दुसऱ्या महिन्यात चाचांनी बडीशेप भिजत घातली आणि म्हणाले, “आज आच तू सांभाळ.”

तिनं मंद आच लावली. थेंब सावकाश पडू लागले. तासाभरानं तिला राहवेना.

“चाचा, हे फार हळू चाललंय. आणखी उष्णता दिली तर दुपारपर्यंत निघेल सगळं.”

“निघेल.”

“मग देऊ?”

“तुला काय वाटतं?”

तिनं चार ओंडके आत सारले. भट्टी धडाडली. थेंबांची धार झाली, धारेचा ओघ झाला. दुपारी भांडं काठोकाठ भरलं, तेव्हा तिनं मोठ्या दिमाखानं ते चाचांपुढं ठेवलं.

चाचांनी नुसतं नाक पुढं केलं आणि मागं घेतलं.

“जळकट येतंय.”

विभावरीचा चेहरा पांढरा पडला. चाचांना वाटलं, माल बिघडला म्हणून. पण तिला ते शब्द ओळखीचे होते. तेच दोन शब्द, तसाच साधा आवाज... दुसऱ्या एका माणसाचा.

“पण निघालं तर सगळं,” ती कशीबशी म्हणाली.

“निघतं ते सगळं आपलं नसतं.”

त्यांनी भांडं उचलून माळावर ओतून टाकलं. हंड्याचा तळ काळा पडला होता. चिंच आणि राख घेऊन तिनं तो तीन दिवस घासला. चाचांनी पुन्हा त्याचं नावही काढलं नाही.

...

चाचांच्या पत्नी रुकय्याबी मात्र बोलक्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला चुलीपाशी बसवलं. एका वाटीत पाणी, दुसरीत गरम तेल. दोन्हींत चिमूट चिमूट हळद टाकली.

पाण्यातली हळद गढूळ होऊन तळाशी बसली. तेल मात्र क्षणात सोन्यासारखं झालं.

“हे मला ठाऊक आहे,” विभावरी हसून म्हणाली. “हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्याचं कारण...”

“कारण राहू दे, बेटी. तू पाण्याला बोल लावलास का आत्ता?”

“नाही.”

“हळदीला?”

“नाही.”

“मग त्या हंड्यावर तीन दिवस का रागावली होतीस? भांडं फुटायचं बाकी होतं.”

रुकय्याबींनी त्याच तेलात जिरं टाकलं. ते तडतडलं, त्यांनी लगेच कढई उतरवली.

“मी वासावर उतरवत नाही हां,” त्या म्हणाल्या. “चुलीच्या धुरात कसला वास आणि कसलं काय! तडतड बदलते. ऐक पुढच्या वेळी.”

ती ऐकू लागली.

त्या दिवसापासून विभावरी नव्यानं शिकायला बसली म्हणायची. मिऱ्याला घाव लागतो, वेलदोड्याला नुसता दाब पुरतो. तो आदल्या दिवशी कुटून ठेवला की सकाळी नुसती टरफलं उरतात. धने रात्रभर थंड पाण्यात ठेवले तर एक देतात आणि उकळले तर दुसरंच. यातलं पुष्कळ तिनं पूर्वी शिकलेलं होतं. पण कारखान्यात कळ दाबली की काम होई, आणि इथं दर वेळी थांबून बघावं लागे.

नाक नव्हतं, पण जीभ होती. अर्काचा थेंब जिभेवर ठेवला की ओवा चरचरे, वेलदोडा गार लागे, लवंगेनं जिभेचं टोक बधिर होई. ते सगळं ती मोजू लागली. चरचर किती वेळ टिकते, कुठल्या थेंबापासून उतरते. बोटानं नळी चाचपून ऊब जोखू लागली. थेंब पडल्याचा आवाज सुरुवातीला टणक येई, पुढं मऊ होई. पाण्यावर तरंगणारी तेलाची तकाकी कुठल्या क्षणी फिकट पडते, ते ती उन्हात भांडं तिरकं धरून बघे.

शंभरदा चुकली. चाचा दर वेळी नाक पुढं करत आणि मान हलवत. “लवकर.” नाहीतर, “उशीर.” बाकी एक शब्द नाही.

ती पुन्हा हंडा भरे.

चौथा महिना संपता संपता एका सकाळी तिनं ओव्याची धार तोडली. चाचा घरात होते. त्यांना न विचारता तिनं भांडं काढून घेतलं आणि त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं.

चाचांनी वास घेतला. पुन्हा घेतला.

“बरोबर.”

विभावरी मटकन खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं राखेच्या हातानंच पुसलं.

“जमलं, चाचा! आता मला नाकाची गरज नाही. आता मी परत जाऊन ताठ मानेनं...”

“एक विचारू?”

“विचारा ना.”

“माझी पाटी नाही. मी कुठल्या बाजारात बसत नाही. जे येतात ते चार गावचे ओळखीचे लोक. तुला माझा पत्ता कुणी दिला?”

...

विभावरी भट्टीपुढची राख सारखी करू लागली.

चाचा थांबले. त्यांना कसलीच घाई नव्हती. भट्टीवर दुसरा हंडा चढलेला होता, त्याचे थेंब पडत होते.

“उत्तम घोडके,” ती शेवटी म्हणाली.

चाचांचा चेहरा उजळला. “उत्तम? आमचा उत्तम? अगं, त्याचा बाप मला लाकूड आणून द्यायचा. या भट्टीवर नाक तयार झालं त्याचं. डोळे बांधून कुठलीही लवंग द्या, कुठल्या सालची ते सांगायचा. कुठं आहे तो? कारखान्यातच ना?”

“नाही...”

“मग?”

“मी घालवलं त्यांना.”

आणि मग तिनं सगळं सांगितलं. आधी अडखळत, मग न थांबता.

घोडके तिच्या हाताखाली होते. बावीस वर्षांची नोकरी. काम एकच, तयार तेलाचा वास घेऊन माल चांगला की वाईट ते सांगायचं. यंत्राचा आलेख एकीकडं, घोडक्यांचं नाक दुसरीकडं. दोन्ही जुळलं की वहीत नोंद होई, ‘वास तपासला’, आणि खाली दोन सह्या. घोडक्यांची आणि तिची.

तापानंतर चार महिन्यांची गोष्ट. वेलदोड्याच्या तेलाचा मोठा माल परदेशी जायचा होता. आलेख निर्दोष आला होता. घोडक्यांनी तेलात बुडवलेली कागदाची पट्टी नाकाशी धरली आणि म्हणाले, “मॅडम, जळकट येतंय.”

तिनंही पट्टी नाकाशी धरली. काहीच आलं नाही. सगळा विभाग बघत होता. खरं सांगितलं तर उद्या या खुर्चीवर कोण बसणार, हा विचार तिच्या मनात आला. आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, “घोडके, हा आलेख तुमच्या नाकापेक्षा शहाणा आहे. मला काहीही जळकट येत नाही. सही करा.”

त्यांनी सही केली.

महिन्याभरात सगळा माल परत आला. चौकशी बसली. वहीत दोन सह्या होत्या. विभावरीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “वासाची जबाबदारी घोडक्यांची आहे.”

शब्द खोटा नव्हता. कागदोपत्री तसंच होतं.

“घोडके समोरच बसले होते,” ती म्हणाली. “त्यांनी माझ्याकडं बघितलं. काहीच बोलले नाहीत. त्यांना काढलं. जाताना माझ्या टेबलापाशी आले आणि एक चिठ्ठी ठेवली. म्हणाले, ‘मॅडम, आमच्याकडं एक चाचा आहेत. एकदा जाऊन या. तुमचं अडणार नाही.’ तीच ही चिठ्ठी. दीड वर्ष पर्समध्ये होती.”

“म्हणजे त्याला ठाऊक होतं.”

“हो. त्यांना ठाऊक होतं.”

चाचा उठले. टाकीतलं पाणी बादलीत भरलं आणि भट्टीत ओतलं. फस्स करून वाफ उठली, राख उडाली. आग विझली.

“चाचा! अजून अर्धा माल आत आहे!”

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घराच्या पायरीपाशी गेले, वाकले, तिच्या चपला हातात घेतल्या.

म्हातारा माणूस, गुरूच्या जागेचा, आणि त्याच्या हातात तिच्या चपला... विभावरी धडपडत उठली.

“चाचा, हे काय करताय!”

चाचांनी चपला फाटकापाशी नेऊन ठेवल्या. टाचा घराकडं, टोकं रस्त्याकडं.

मग आत गेले. त्या दिवशी ते पुन्हा बाहेर आले नाहीत. रुकय्याबींनी भाकरी फडक्यात बांधून तिच्या हातात दिली, पाठीवरून हात फिरवला, पण “जाऊ नकोस” त्याही म्हणाल्या नाहीत.

...

कारखान्याच्या व्यवस्थापकांनी तिचा कागद दोनदा वाचला.

कागदावर चारच वाक्यं होती. त्या दिवशी मला वास येत नव्हता. घोडके यांना येत होता. त्यांनी माल जळकट आहे असं स्पष्ट सांगितलं होतं. मी त्यांना सही करायला लावली. खाली तिचं नाव, तारीख.

“हे प्रकरण केव्हाच मिटलंय, मॅडम.”

“मग ते पुन्हा उघडा.”

“तुमची नोकरी जाईल.”

“ठाऊक आहे.”

“नोकरीचं सोडा. या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, पुढंही कळणार नाही. रजा आहे ना अजून? विश्रांती घ्या. नीट विचार करा.”

“दीड वर्ष विचारच करत होते,” विभावरी म्हणाली. “कागदाची पोच द्या. शिक्का मारून.”

बाहेर पडल्यावर ती जिन्याचा कठडा न धरता उतरली.

तीन आठवड्यांनी दोन पत्रं निघाली. एक तिच्या घरी आलं, नोकरी संपल्याचं. दुसरं घोडक्यांच्या घरी गेलं, कामावर परत बोलावल्याचं.

मग ती घोडक्यांना भेटायला निघाली.

...

ते घरी नव्हते. बायकोनं बाजारपेठेच्या टोकाला असलेलं मिरचीचं कांडप दाखवलं.

लांबूनच तिचे डोळे चुरचुरायला लागले. आत लाल धुरळ्यात एक माणूस तोंडाला पंचा बांधून यंत्राच्या डंक्याखाली मिरच्या सारत होता. तिला बघून त्यानं यंत्र बंद केलं, बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. डोळे तांबारलेले. पन्नाशीचा माणूस साठीचा दिसत होता.

“मॅडम, तुम्ही? इथं?”

“घोडके, मी सगळं लिहून दिलंय. तुमची चूक नव्हती. माझी होती. मी...”

पुढं काय म्हणायचं ते तिनं वाटेत शंभरदा घोकलं होतं. आता एक शब्द आठवेना. तिनं हात जोडले.

घोडक्यांनी जोडलेल्या हातांकडं बघितलं.

“बावीस वर्षं होती, मॅडम.”

“हो.”

“मुलीचं लग्न ठरत आलं होतं. बाप चोर नाही हे पाहुण्यांना पटवता पटवता दम निघाला.”

“हो...”

तिनं मान वर केली नाही. पण ती तिथून हललीही नाही. ऐकायचं होतं तेवढं सगळं ऐकायचं, असं ठरवूनच आली होती.

“तुम्हाला कधी कळलं होतं?” तिनं विचारलं. “मला वास येत नाही ते?”

“जेवणाच्या सुट्टीत. तुमच्या डब्यातली आमटी आंबली होती. चार टेबलांवर कळत होतं. तुम्ही शांतपणे भात कालवून जेवत होतात.”

“मग चौकशीत का बोलला नाहीत? एका वाक्यात सुटला असतात.”

“ते तुमच्या तोंडचं वाक्य होतं, मॅडम. मी कसं बोलणार?”

विभावरीनं डोळे मिटून घेतले. मिरचीमुळं म्हणा हवं तर.

“पत्र आलं असेल ना? कामावर कधी जाताय?”

घोडक्यांनी खिशातून एक लवंग काढली. दोन बोटांत चुरली, नाकाशी नेली. खूप वेळ धरली.

“पूर्वी ही मला पलीकडच्या खोलीतून कळायची. आता नाकाला चिकटवून धरावी लागते. वीस महिने या धुरळ्यात आहे. संध्याकाळी तर नुसती आग आग होते, दुसरं काही नाही. सकाळी थोडं कळतं, ऊन चढेपर्यंत.”

“म्हणजे...”

“म्हणजे तिथं जाऊन ‘वास तपासला’ असं लिहून खाली सही करू? नीट येत नसताना?”

हा प्रश्न त्यांनी टोमणा म्हणून विचारला नव्हता. त्यांना खरोखरच तो पडला होता, आणि त्यांनी त्याचं उत्तर ठरवलेलं होतं. विभावरीला ते कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

तिनं जे परत मिळवून द्यायला आणलं होतं, ते घ्यायला माणूस उरला नव्हता. इथवर येऊन परत फिरणं सोपं होतं. स्टँडवर गाडी उभीच होती.

ती नळाच्या ओट्यावर बसली.

“घोडके, मला आता धार कळते. जिभेवर, हातावर, कानावर. चाचांकडं चार महिने काढले. पण वेलदोडा माझ्या हातून अजून निसटतो. त्याचे पहिले चार थेंब जिभेला फसवतात. तिथं नाकच लागतं.”

“बरं.”

“तुम्हाला सकाळी थोडं कळतं म्हणालात.”

“थोडं. अर्धंमुर्धं.”

“तेवढं पुरे. कांडप सोडा. चला माझ्याबरोबर.”

घोडके पहिल्यांदाच हसले. हसता हसता खोकला लागला.

“दोन आंधळे मिळून रस्ता शोधणार म्हणा की.”

“होय. उद्या पहाटेच्या गाडीनं.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“परवा पुन्हा येईन. तेरवा पुन्हा येईन. मला आता दुसरं काम नाही.”

घोडक्यांनी चुरलेली लवंग पुन्हा नाकाशी नेली. आतून कांडपाचा मालक हाका मारत होता. त्यांनी गळ्यातला पंचा काढला, झटकला, खांद्यावर टाकला.

“पहाटेची गाडी पाच वाजता असते,” ते म्हणाले. “वेळेवर या.”

...

उजाडून तासभर झाला होता, तेव्हा दोघं माळावर पोचले.

रुकय्याबींनी उत्तमला बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. “किती रे वाळलास!” म्हणाल्या आणि चहा टाकायला आत पळाल्या.

चाचा भट्टीपाशी उकिडवे बसले होते. घोडक्यांनी जाऊन त्यांच्या पायांना हात लावला. चाचांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तांबारलेले डोळे बघितले, नाकाच्या शेंड्यावरून अंगठा फिरवला. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

“मिरची?”

“व्हय, चाचा.”

मग ते विभावरीकडं वळले.

“नोकरी?”

“गेली.”

“कागद दिलास?”

“दिला. पोच घेतली.”

“त्यानं माफ केलं?”

विभावरीनं घोडक्यांकडं बघितलं. घोडके जमिनीकडं बघत होते.

“मी मागितली नाही,” ती म्हणाली. “मी त्यांना काम मागितलं.”

चाचांनी कोपऱ्यातली वेलदोड्याची पिशवी ओढून दोघांच्या मधे ठेवली. हंड्याचं झाकण काढून तिच्या हातात दिलं, नळी उत्तमच्या हातात. ती भट्टी पन्नास वर्षांत त्यांनी कुणाच्या हाती अशी सोडली नव्हती. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि भिंतीकडं चालू लागले. उन्हाला पाठ देऊन बसायची त्यांची तिथं जागा होती.

“चाचा, थांबा,” विभावरी घाईनं म्हणाली. “मला वास येत नाही. यांना अर्धाच येतो. आणि तुम्ही उठून चाललात. मग निघालेला अर्क तपासायचा कुणी?”

चाचांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

“कशाला तपासायचा? आज बरोबरच निघेल.”